लोखंड्याचा शेवट

माझ्या लेकीच्या लग्नाची तारीख काढताना दोन्हीकडच्या गुरुजींनी डोकी खाजवली, पाहुण्यांच्या सोयी पाहिल्या, द्राक्षांचा सीझन पाहिला. एवढं सगळं पाहिलं, पण पिक्चर कधी लागणार हे काही कुणी पाहिलं नाही. आणि तो लागला नेमका हळदीच्या दिवशी.

पिक्चर म्हणजे लोखंड्याचा. लोखंड्या हे नाव माझं. त्याचं खरं जपानी नाव लेकीला येतं, माझी जीभ वळत नाही. टोलेजंग इमारतीएवढा यंत्रमानव, त्याच्या छातीत बसून त्याला चालवणारी एक मुलगी, आणि समुद्रातून वर येणारी एकेक भयंकर जनावरं. लेक शाळेत होती तेव्हा ते कार्टून हिंदीतून टीव्हीवर लागायचं, बरोब्बर माझ्या बातम्यांच्या वेळेला. माझं नाशिकच्या दिंडोरी रोडला शेतीच्या औषधांचं दुकान. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकेफोड करून घरी यावं, तर समोर हे लोखंड. रिमोटवरून आमची रोज जुंपायची. "बंद कर ते, कानठळ्या बसल्या," म्हणून मी ओरडायचो आणि जेवता जेवता बघत राहायचो. एक दिवस लोखंड्याचा हात तुटला आणि भाग तिथंच संपला. मला चैन पडेना. "उद्या बसवतील ना गं त्याचा हात?" असं शेवटी मीच तिला विचारलं. तेव्हापासून मी कामातून गेलो.

पुढं ते टीव्हीवरून गेलं आणि मोबाइलवर आलं. लेक पुण्याला शिकायला गेली, तिथंच नोकरीला लागली, तरी आमचं बघणं मोडलं नाही. नवा भाग आला की रविवारी फोन लावायचा आणि दोघांनी आपापल्या ठिकाणी एकदम सुरू करायचं. आता बोलणं जपानी आणि खाली इंग्रजी अक्षरं. ती इतकी पळायची की माझी अर्धीच वाचून व्हायची. उरलेलं ती फोनवर मराठीत सांगायची. एकमेकांना सोडून पुढचा भाग बघायचा नाही, हा करार. बायको म्हणायची, "लोकांचे बाप पोरींना जेवलीस का विचारतात. हे विचारतात, मेला का गं तो आठ पायांचा?"

आणि आता शेवटचा पिक्चर. ह्याच्यानंतर लोखंड्या नाही, असं करणाऱ्यांनी जाहीरच करून टाकलं होतं. नाशिकमध्ये एकच दिवस, एकच खेळ, तोही दुपारचा. लग्न लागलं की लेक मुंबईला आणि तिथून जावयाबरोबर कॅनडाला. म्हणजे शेजारी बसून शेवट बघायचा तर एवढीच संधी होती. मी तिकिटं काढली आणि गप्प बसलो, कारण घरात आक्का आलेली होती.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, गावाकडं असते. हळद लागलेल्या नवरीनं उंबरा ओलांडायचा नाही हा आमच्याकडचा नियम, आणि तो पाळला जातोय की नाही हे बघायला आक्काच लागते. सकाळी हळद झाली, बायका जेवायला बसल्या, तेव्हा मी हळूच विषय काढला.

"हळदीच्या अंगानं पोरीला बाहेर नेतो? डोकं फिरलं का तुझं?" आक्का कडाडली. "आन् कुठं?"

"पिक्चरला."

आक्का मटकन खालीच बसली. "लय झालं बाबा आता. काय हाय एवढं त्या पिक्चरमध्ये?"

मी सांगायला गेलो, पण मला नीट सांगताच येईना. शेवटी म्हटलं, "आक्का, ती एवढीशी होती तेव्हापासून आम्ही दोघं हे बघतोय. आज संपणार आहे."

आक्का उठली, देवघरातून एक लिंबू आणलं, लेकीच्या ओढणीच्या टोकाला बांधलं. "बाप बरोबर हाय म्हणून सोडते," म्हणाली. "वाटेत कुठं थांबू नका."

थिएटरच्या दारात सिक्युरिटीवाल्यानं आधी पिवळीधमक नवरी बघितली, मग ओढणीची गाठ चाचपली आणि म्हणाला, "बाहेरचं खायचं आत चालत नाही."

"हे खायचं नाही दादा, नजरेचं आहे," लेक म्हणाली. त्या बिचाऱ्यानं हात जोडले आणि आत सोडलं.

आत सगळी कॉलेजची पोरं, लोखंड्याचे टी-शर्ट घालून आलेली. काहींनी तर पुठ्ठ्याची चिलखतं चढवली होती. एकजण लेकीपाशी येऊन कौतुकानं म्हणाला, "दीदी, भारी मेकअप! कुठली कॅरेक्टर?"

"नवरी," ती म्हणाली. तो विचारात पडला.

पिक्चर सुरू झाला आणि मी जगाला विसरलो. एवढ्या मोठ्या पडद्यावर लोखंड्याला मी कधी बघितलंच नव्हतं. अक्षरं पळायला लागली की मी कोपरानं ढोसायचो आणि लेक कानाशी येऊन सांगायची. इंटरव्हलनंतर सगळ्यात मोठं जनावर वर आलं, ती मुलगी काहीतरी महत्त्वाचं बोलली. मी विचारलं, "काय म्हणाली गं?" उत्तर नाही. बघतो तर बाईसाहेब गाढ झोपलेल्या. आदल्या रात्री मेहंदीचं जागरण, पहाटेपासून देवक, हळद, आणि आता हा एसीचा गारवा. तोंड थोडं उघडं, मेहंदीचे हात मांडीवर, डोकं माझ्या खांद्याला.

खरं सांगतो, मला राग आला. अगं बाई, आजच झोपायचं? उठवायला हात उचललासुद्धा. पण महिनाभर ती धड झोपली नव्हती हे मलाही दिसत होतं. मी हात खाली घेतला. खांदा अवघडला तरी हललो नाही. अक्षरं जेवढी जमली तेवढी एकट्यानं वाचली आणि शेवट एकट्यानं बघितला.

दिवे लागले तशी ती दचकून उठली. "संपला? पप्पा, उठवलं का नाही मला?"

"झोपली होतीस."

"म्हणून तर उठवायचं ना!" पार्किंगमध्ये आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, चल, शेवट सांगतो. ती फणकारली, "काही सांगू नका. मी तिकडं गेल्यावर बघीन." तिकडं म्हणजे जावयाबरोबर. मी गाडी सुरू केली. मला फार लागलं होतं ते.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. पाठवणीला लॉन्सच्या गेटाशी फुलांनी सजवलेली गाडी उभी होती. बायको रडत होती, आक्का रडत होती, मावश्या एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. लेक तेवढी कोरडी. "आजकालच्या पोरींना पाणीच येत नाही डोळ्याला," असंही कुणीतरी म्हणालं. ती गाडीत बसली, काच खाली केली आणि मला बोटानं जवळ बोलावलं.

"पप्पा, शेवट सांगा."

"आत्ता? तू तर तिकडं बघणार होतीस."

"नाही बघणार. तुमच्याकडूनच ऐकायचाय. फोनवर नको, आत्ता सांगा."

मी खिडकीत वाकलो आणि सांगायला लागलो. जनावर कसं बुडालं, शहर कसं वाचलं, वाचलेली माणसं छपरांवर कशी येऊन उभी राहिली. मागं वऱ्हाड ताटकळलं होतं. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, तर व्याही त्याच्यावर खेकसले, "अरे, थांब जरा! बाप लेकीशी बोलतोय, कळत नाही?" माझ्या मागं बायकांचे हुंदके वाढले. जावई शेजारी मान खाली घालून बसला होता.

"मग ती मुलगी त्याच्या छातीतून बाहेर येते," मी म्हटलं. "शिडीनं खाली उतरते. आता तिला परत आत बसायचं नसतं. वळून न बघता वाळूतून चालायला लागते. आणि मग लोखंड्या तिच्या मागं मागं थोडा चालतो."

"आत कुणी नसताना?"

"कुणीच नसतं. तरी चालतो."

"मग?"

"मग काही नाही. थांबतो. तिथंच संपतो पिक्चर."

लेकीचा चेहरा वाकडा झाला आणि ती जी रडायला लागली, ती लहानपणी रडायची तशी, मोठ्यानं. मेहंदीच्या हातांनी तिनं माझी मनगटं घट्ट धरली. कुणीतरी मला हळूच मागं ओढलं. काच वर गेली, गाडी निघाली.

आक्का डोळे पुसत जवळ आली. "चार शब्द चांगले सांगितलेस पोरीला," म्हणाली. "बापासारखं बोललास."

मी मान हलवली. ते सगळं लोखंड्याचं होतं हे तिला सांगायचं सोडून मी गाडी गेली त्या दिशेनं थोडा चाललो आणि थांबलो.