फ्लॉपीत मेलेली बायको

माझी बायको आधी कागदावर मेली. खरी मेली ती त्यानंतर बारा वर्षांनी. कागदावर मेली तेव्हा आंध्रचं राज्य होतं आणि आमच्या मंडल ऑफिसात, म्हणजे तहसिलीत, नुकताच कंप्युटर बसला होता. मी तिसरी शिकलेला माणूस आहे, चुका असतील तर असू द्या. पण खोटं एक अक्षर नाही.

तिच्या पोटात गोळा झाला होता. आदिलाबादच्या मोठ्या दवाखान्यात ऑपरेशनची तारीख मिळाली, आठ दिवसांवरची. तिथं मंडलाचं कार्ड दाखवावं लागे. ते काढायला आम्ही दोघं गेलो. कंप्युटरवर मंचेरियलकडच्या एक तेलुगू बाई बसत. त्यांनी नाव टाकलं, पडद्याकडे पाहिलं, मग माझ्या बायकोकडे.

"पेद्दय्या," त्या मला म्हणाल्या, आपण बाबा म्हणतो तसं, "ये तो मर गये."

"कोन?"

"ये अम्मा."

बायको बाकावरून म्हणाली, "अवो बाई, मी मेली तं सकाळी ह्यांच्या भाकरी कोनं थापल्या?"

आतून मोठे कारकून आले. पंचनामा आणा, सरपंचाची सही आणा, डॉक्टरचा दाखला आणा, महिनाभर लागेल.

मी म्हणालो, "महिन्यात तुमचं रेकॉर्ड खरं होऊन जाईन, साहेब. मी इथून हालत नाही."

तिला घरी पाठवलं आणि तिथंच फरशीवर बसलो. ऑफिस उघडलं की बसायचं, कुलूप लागलं की उठायचं. तिसऱ्या दिवशी त्या बाईंनाच माझी कीव आली. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला जवळ बोलावून पडदा दाखवला. आमच्या वस्तीची माहिती एका जुन्या फ्लॉपीतून आली होती. एका माणसाची एक ओळ, नावापुढे नुसते एक आणि शून्य. आहे तर एक, नाही तर शून्य. पण कशाचा एक, ते कुठंच लिहिलेलं नव्हतं.

"मंग कळते कसं?"

जागेवरून, त्या म्हणाल्या. पहिली जागा बाई आहे का, दुसरी शेत आहे का. माणसागणिक सगळे प्रश्न लिहीत बसलं तर एवढी माणसं या चकतीत मावणार नाहीत.

हे मला नवं नव्हतं. मी आदिलाबादच्या बाजारात भाजी घेऊन बसायचो आणि बायको वस्तीवरून पहिल्या बसनं टोपल्या पाठवायची. तिला अक्षर येत नव्हतं. म्हणून सोबत एक सुतळी. आधी वांगी, मग मिरची, मग टमाटर, मग भेंडी, शेवटी सांभार, म्हणजे कोथिंबीर. जेवढ्या टोपल्या तेवढ्या गाठी, मग चार बोटं सुतळी मोकळी, मग पुढची भाजी. एखादी भाजी तोडली नसेल तर त्या जागी चिंधी. एकदा मिरचीची चिंधी राहून गेली. टमाटरच्या तीन गाठी मी मिरचीच्या धरल्या आणि मिरच्या चोरल्या म्हणून कंडक्टरची कॉलर पकडली. घरी आल्यावर तिनं मला सोलून काढलं: "मिरची तोडलीच नोती! त्या बिचाऱ्याले काऊन धरलं?"

तर मी त्या बाईंना म्हणालो, "अम्मा, हिच्या नावावर आणखी काय काय आहे, वाचा."

त्यांनी वाचलं. बाई आहे. शेत आहे. गॅस आहे. जिवंत नाही.

"गॅस? आमच्या घरी चूल हाय. हा प्रश्न जुना का नवा?"

"नया. इस साल डाला."

"मंग जुन्या फ्लॉपीत त्याच्या जागी चिंधी कोनं बांधली?"

त्यांना कळेना. मी फायलीची सुतळी ओढून गाठी मारून दाखवल्या. त्यांनी कपाटातून जुना छापील फॉर्म काढला आणि प्रश्न ताडून पाहिले. जुन्या फ्लॉपीत शेतानंतर जिवंत आणि त्यानंतर अपंग असा क्रम होता. मध्ये गॅस घुसला आणि सगळं एकेक जागा सरकलं. जिवंतचा एक गॅसवर जाऊन बसला, अपंगचं शून्य जिवंतवर. त्यांनी सगळी वस्ती उघडली. घरोघरी गॅस आणि सगळे मेलेले. जिवंत फक्त एक, पोलिओनं पाय गेलेला आमचा शिंपी.

तरी मोठे कारकून म्हणाले, "प्रोग्राम वरून आलेला आहे, तो चुकत नाही. पंचनामा आणा."

"आनतो," मी म्हणालो. "उद्या सारी मेलेली वस्ती तुमच्या दारात आनून बसवतो. पंच मात्र एकटा शिंपी भेटन, चालते का?"

संध्याकाळी कार्ड मिळालं, हातानं लिहिलेलं, शिक्क्यासकट. पुढं फ्लॉपीही दुरुस्त झाली. मी जाऊन पडद्यावर तिचा एक पाहून आलो.

ऑपरेशन झालं. त्यानंतर ती बारा वर्षं जगली, माझ्याशी भांडली, मला खाऊ घातलं, आणि एका उन्हाळ्यात दुपारी झोपली ती उठलीच नाही.

पोरगा म्हणतो, "बाबा, ऑफिसात जाऊन आईचं नाव कमी करून या." मी जात नाही. तिच्या नावापुढचा तो एक मी फरशीवर बसून मिळवला आहे. पुसायचाच असेल तर ऑफिसानं माझ्या दारात यावं आणि माझ्या तोंडाकडे पाहून विचारावं. मी घरीच असतो.