लंकाबाईचे उपाशी मासे

लंकाबाईनं माळ तोडली आणि आता ती चिलापी मासे तळून खाते, ही बातमी वस्तीवर डेअरीवरून आली. गोजरबाई किटली खाली ठेवून हळूच बोलली. तिचं हळूच म्हणजे पलीकडच्या उसात पाणी धरणारा माणूस मान वर करतो. "चाळीस वर्सांची माळकरीन. आन् हौदात बावन्न मासे. काय पूजा करती व्हय त्यांची?"

यातलं खरं एवढंच, की मासे बावन्न होते. माळ गळ्यातच होती. आणि तळायचं म्हणाल, तर लंकाबाई चातुर्मासात कांदासुद्धा तळत नाही.

झालं होतं असं. बचत गटाच्या बायकांना श्रीगोंद्याला दोन दिवस मातीशिवाय भाजी कशी पिकवायची ते शिकवलं. बाकीच्या बायका चहा-बिस्किटं घेऊन परत आल्या, लंकाबाई प्रश्न घेऊन आली. घरामागं नुसता मुरूम, कुदळ मारली तर ठिणगी उडते. तिथं मेथी येईल का? तिचा मुलगा राम नागापूरच्या कंपनीत कामाला. त्यानं चार निळे ड्रम आणले. तीन उभे चिरून त्यांत खडी भरली, खाली भोकं पाडली आणि हौदाच्या काठावर मांडले. चौथा तसाच पडून राहिला. हौदात चिलापीची पिल्लं सोडली. मासे हौदातलं पाणी घाण करतात. एक मुठीएवढी मोटर ते पाणी खडीवर चढवते. खडीत त्या घाणीचं खत होतं, ते मेथी खाते, आणि निवळलेलं पाणी परत माशांवर गळतं.

"मग मासे खायचे न्हाईत, इकायचे न्हाईत, तर त्यांचं करायचं काय?" शेजारच्या दिशानं विचारलं. दिशा अकरावीला, म्हणजे हे लिहिणारीच.

"तुझ्या कालेजातल्या सरांचं काय करतेत?" लंकाबाई म्हणाली. "ऱ्हातेत, खातेत, आपलं काम करतेत. तसंच हे."

चूकही तिच्यासारखीच झाली. पहिल्या एकादशीला तिला वाटलं, घरात उपास आणि हौदात धान्याची भरड, हे बरं दिसत नाही. तिनं माशांना भिजवलेला साबुदाणा घातला. दुसऱ्या दिवशी हौद ताकासारखा पांढरा. तेव्हापासून एकादशीला मासे निरंकार. आणि लंकाबाईच्या ध्यानात आलं, की त्या दिवशी पाणी जास्त निवळ असतं आणि मासे जास्त तरतरीत. हे तिनं मनात ठेवलं.

वैशाखात वस्तीला वीज देणारा डीपी जळाला. वायरमननं खांबाकडं बघून डोक्यावरची टोपी मागं सारली. "मावशी, वरून डीपी आला, की लगीच." त्याचं लगीच श्रीगोंद्याहून निघून पायी येतं.

मोटर बंद. दुपारपर्यंत मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागले. लंकाबाई काठावर बसली. "मेले तर गाव म्हनतंय ते खरं झालं की गं," ती दिशाला म्हणाली. "खाल्ले काय, आन् माझ्या दारात मेले काय. माळंला तेच."

मग ती उठून महादेवाच्या देवळात गेली. दर्शनाला नव्हे, बघायला. उन्हाळ्यात पिंडीवर गळती टांगतात. तळाला भोक पाडलेलं भांडं, भोकात वात, आणि देवावर सारखी धार. ती आटू नये म्हणून येणारा प्रत्येक जण तांब्याभर पाणी ओततो. लंकाबाई बराच वेळ भांड्याच्या बुडाकडं बघत राहिली. पुजाऱ्यानं विचारलं, "काय हरवलं का?"

"घावलं," ती म्हणाली.

उरलेल्या चौथ्या ड्रमच्या बुडाला तिनं भोकं पाडली, त्यांत जुन्या लुगड्याच्या वाती घातल्या आणि ड्रम खडीच्या वर चिऱ्यांवर चढवला. हौदातलं पाणी बादलीनं वर, तिथून गळत खडीवर, तिथून माशांवर. संध्याकाळी भरला की सकाळपर्यंत गळत राहायचा. आणि खाणं बंद. "डीपी येईस्तोवर एकादशी."

पण बादल्या ओतणार कोण? अफवेनंच माणसं आणली. माळकरणीचे मासे बघायला जो यायचा त्याला लंकाबाई आधी बादली द्यायची. "दोन वता, मंग इचारा." गोजरबाई आली. तिनं सहा ओतल्या, कारण तिच्याकडं प्रश्न तीन होते.

दिशाला हे काही पटेना. "तीन दिवसांत पोट वर करून तरंगतेत का न्हाई बघा," ती म्हणाली. "न्हाई तरंगले, तर मोटर लागस्तोवर रोज सकाळच्या पंधरा बादल्या माझ्या."

"आन् तरंगले तर?"

"ग्यादरिंगला मी तुमची नक्कल करनार. तुमी पुढच्या रांगंत बसून बघायची."

"ती तू तशीबी करतीस, माझ्या पाठीमागं," लंकाबाई म्हणाली. "लागली पैज."

तिसऱ्या दिवशी सकाळी दिशानं मासे मोजले. बावन्न. पुन्हा मोजले, जरा आशेनं. बावन्नच, आणि त्यातला एक तिच्याकडं बघून शेपूट हलवून खाली गेला. लंकाबाईनं माळेवरून एकदा हात फिरवला आणि बादली दिशाच्या पुढ्यात सरकवली.

अकराव्या दिवशी डीपी आला. घराघरात पंखे फिरले. दिशा पळत गेली आणि हौदाजवळच्या बोर्डात पिन शोधायला लागली. पिन नव्हती, मोटरही नव्हती.

"मोटर कुठंय?"

"ती व्हय? राम घिऊन गेला. नागापूरला त्याच्या खोलीवरल्या कूलरला बसती म्हनला."

"आनायची कधी माघारी?"

"आता लागती कुनाला," असं म्हणून लंकाबाईनं मेथीची एक जुडी उपटली, मुळं हौदात खळबळून धुतली आणि दिशाच्या हातात दिली. "आईला दे. आन् आज बाराच झाल्यात तुझ्या."