आप्पांच्या हाताची तपासणी

दिवाळी होऊन गेल्यावरची गोष्ट. आप्पा परंड्याहून सकाळच्या बसनं धाराशिवला माझ्याकडं आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आधीच म्हणाले, "दवाखान्यात येतो. पण दुकान उघडा म्हणू नको मला."

आप्पा म्हणजे माझे वडील. परंड्यात त्यांचं छोटं सलून... दोन खुर्च्या आणि भिंतभर आरसा. माझं आणि दादाचं शिक्षण त्याच दुकानावर झालं.

त्यांना फुप्फुसाचा जुना आजार आहे. विड्या सोडून जमाना झाला, पण दम लागणं काही सुटलं नाही. औषध ओढायचा पंप कायम खिशात असतो.

गेल्या वर्षी दाढी करताना एका नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या गालाला वस्तरा लागला. फार नाही... तो माणूस तुरटी लावून हसत निघून गेला. पण आप्पांनी सामान पुसून ठेवलं आणि शटर ओढलं. "हात थरथरतोय. उद्या कुणाच्या गळ्याला लागलं म्हंजे?"

दादा त्यांना डॉक्टरांकडं घेऊन गेला होता. तिथं बोटाला ऑक्सिजन मोजायची क्लिप लावून लांब व्हरांड्यात चालायला लावलं. आप्पा छान चालले, रिपोर्टही बरा आला. मग दादाचं एकच... "चालणं-फिरणं ठीक हाय. उगं मनाला लावून घेतलंय त्यांनी."

आप्पा वाद घालायचे नाहीत. न्हाव्याचा हात गेला म्हणजे सगळं गेलं, असं धरून ते घरीच बसून राहायला लागले. दम आणि हात या दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध असेल, हे आमच्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

धाराशिवच्या दवाखान्यात एक फिजिओथेरपिस्ट मॅडम होत्या. मुरूम गावाकडच्या, वयानं माझ्यापेक्षा लहान. त्यांनी जुना रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि विचारलं, "आप्पा, काम काय करता?"

"करत हुतो. न्हाव्याचं."

"मग सगळं काम हात वर धरूनच की हो..." असं म्हणून त्या उठल्या आणि आतून एक लाकडी फळी घेऊन आल्या.

फळीला खुंट्या होत्या. काही खांद्याच्या उंचीला, काही त्याच्याही वर, आणि खालच्या खुंट्यांवर कड्या अडकवलेल्या. बसल्या जागी दोन्ही हातांनी कड्या उचलायच्या, वर नेऊन अडकवायच्या, परत खाली आणायच्या. सहा मिनिटं. दमल्यावर थांबायचं, बरं वाटलं की पुन्हा सुरू.

आप्पांना आधी हसूच आलं. "लहान लेकरांचा खेळ हाय की ह्यो."

सुरुवात झोकात झाली. पण थोड्याच वेळात खांदे वर चढले, मानेच्या शिरा ताठ झाल्या, श्वास तोंडानं यायला लागला. हातातली कडी खुंटीवर जाईना... थरथरायला लागली. आप्पांनी हात मांडीवर टाकले आणि माझ्याकडं बघितलंच नाही. मला वाटलं, कशाला आणलं यांना इथं...

मॅडमनी त्यांना पुरेसा दम खाऊ दिला. मग टेबलाजवळ बसवलं, दोन्ही कोपरं टेबलावर टेकवायला सांगितली आणि समोर बारीक भोकांची पाटी ठेवली. त्यात काडीएवढ्या पिना बसवायच्या होत्या.

आप्पांनी त्या अशा बसवल्या की मी बघतच राहिले. एक हलली नाही, एक पडली नाही. माझ्या लहानपणी आरशात दिसायचे तेच हात होते ते.

"आप्पा, तुमचा हात गेलेला नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमचा श्वास दमतोय. मानेचे, खांद्याचे स्नायू तुम्हाला श्वास घ्यायला मदत करतात. हात अधांतरी धरला की त्यांनाच तोही पेलावा लागतो. चालताना हे कळत नाही."

आप्पांनी दोन्ही हात उलटसुलट करून बघितले. मग हळूच म्हणाले, "म्हंजे... हात शाबूत हाय माझा?"

"व्हय की, आप्पा," मॅडम त्यांच्याच बोलीत म्हणाल्या.

त्यांनी पिना काढल्या आणि कुणी न सांगता सगळ्या परत बसवल्या. मी खिडकीकडं तोंड फिरवलं. रडू आलं होतं...

त्यानंतर व्यायाम सुरू झाले. पाण्याच्या छोट्या बाटल्या हातात घेऊन, ओठांचा चंबू करून हळू फुंकर सोडत हात वर न्यायचे. मधे महिनाभर कंटाळले, दादाशी भांडलेही. पण पुढच्या तपासणीला कड्या पहिल्यापेक्षा जास्त वेळा वर गेल्या. आजार आहे तिथंच आहे, तो जाणार नाही, हे मॅडमनी स्पष्ट सांगितलंय.

दादानं दुकानातली खुर्ची खाली करून घेतली, आप्पांसाठी उंच स्टूल आणलं आणि कोपर टेकायला खुर्चीला गादीची पट्टी लावली. आप्पा आता दिवसाला मोजक्याच दाढ्या करतात. मधेच थांबतात, म्हणतात, "बसा जरा, दम घेतो." आणि लोक बसतात. अर्ध्या गालाला फेस तसाच ठेवून, निवांत.

हे सगळं आप्पांना विचारूनच लिहितेय. तुमच्या घरी कुणी दम लागणारं माणूस असेल, चालायला ठणठणीत असेल, पण केस विंचरताना, दोरीवर कपडे टाकताना मधेच हात खाली घेत असेल... तर त्याला आळशी म्हणू नका. डॉक्टरांना तेवढं नक्की सांगा. त्या मॅडमचे आभार मी फोनवर मानले, पण ते मला पुरेसे वाटत नाहीत.

परवा रविवारी परंड्याला जाऊन आले. निघताना आप्पा बसपर्यंत सोडायला आले आणि म्हणाले, "पुढल्या खेपेला जावईबापूंना घिऊन ये. मागल्या टायमाला बघितलं, कानाजवळ लई वाकडी धरलीया दाढी कुणीतरी."

वर्षभरानंतर आप्पांना कुणाची तरी दाढी खटकली होती!