मोरजीच्या अलीकडे

भैरूच्या डाव्या हाताची चार बोटं धारगळकडच्या गोव्यातल्या एका पत्र्याचे डबे करणाऱ्या कारखान्यात गेली. चंदगडकडून कामाला आलेला, दोघांचं काम एकटा ओढणारा गडी तो. प्रेसखाली हात सापडला आणि त्यानंतर सगळा पावसाळा तो कोरगावच्या भाड्याच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. त्याची बायको कुसुम काजूच्या कारखान्यात सोलायला जायची. घरी आल्यावर त्याला वाढायची, आणि तो जेवला की नाही हे बघायच्या आतच तिचे डोळे मिटायचे.

एक दिवस शेजारीण कारखान्याच्या फाटकावर धावत आली. भैरू गावाबाहेरच्या जांभ्या चिऱ्याच्या खाणीकडे गेला होता. खाण कधीची बंद, पाणी भरून हिरवं झालेलं. कुसुम कशी पळाली ते तिला नंतर कधीच आठवलं नाही. काठावर पोचली तर नवरा पाण्यात, आणि पोहतोय. पण डाव्या हाताला पाणी कापता येत नव्हतं, म्हणून उजव्या हाताच्या जोराने तो डावीकडे वळत होता आणि घाण्याच्या बैलासारखा गोल गोल फिरत होता.

"अहो, वर या," ती धापा टाकत म्हणाली.

"सरळ जायला बघतोय. जाताच येईना."

कितीतरी दिवसांनी तो धड काही बोलला होता. कुसुम चिऱ्यावर बसली. जीव थाऱ्यावर आल्यावर म्हणाली, "मग उजवीला घ्या जरा."

तेव्हापासून ते तिचं कामच झालं. उजाडलं की तो खाणीत आणि ती काठावर, "उजवीला, उजवीला" करत. त्यानंतर तिचा दिवसभराचा कारखाना, चिकाने काळी पडलेली बोटं, संध्याकाळी स्वयंपाक. भैरूला शाळेत शिपायाची नोकरी लागली तरी ते चुकलं नाही. वर्षभराने तो खाणीतून समुद्रावर गेला. आणि मग एका रात्री जेवताना त्याने सांगितलं की केरीच्या किनाऱ्यावरून निघून हरमल, मांद्रे मागे टाकत मोरजीपर्यंत पोहत जायचं. कुणी हात न लावता.

"कशाला?" कुसुमने विचारलं.

"पाण्यात मला कुणी बिचारा म्हणत नाही," तो म्हणाला.

तिने ताटं उचलली.

ही बातमी कुणाकडून तरी पणजीच्या गौरवीपर्यंत पोचली. ती माहितीपट करायची, जिद्दीच्या माणसांवरचे. मुलगी कष्टाळू होती, गोडही होती. कॅमेरा घेऊन यायची, त्यांच्याबरोबर चहात उंडो, तिथला गोल पाव, बुडवून खायची, भैरूला दहा वेळा पाण्यात उतरायला लावायची. वर्षभर तिने त्यांची पाठ सोडली नाही. एकदा तिने कुसुमला खाणीच्या काठावर बसवून विचारलं, "कुसुमताई, तुम्हाला अभिमान वाटतो ना त्यांचा?"

"वाटतो की."

"आणि आणखी काय वाटतं?"

"दमायला होतं," कुसुम म्हणाली. गौरवी हसली. तिला ते विनोदाने घ्यावं असं वाटलं असावं.

फेब्रुवारीतल्या एका पहाटे केरीहून भैरू निघाला. सोबतीला परेशची होडी. परेश तिथलाच रापणकार, किनाऱ्यावरून जाळं ओढून मासे धरणारा, समुद्राचा स्वभाव ओळखणारा. होडीत गौरवी कॅमेरा धरून, आणि कुसुम भैरूला गूळ-पाण्याची बाटली दोरीने सोडायला. होडीतून वस्तू सोडलेली चालत होती. माणसाला हात लागला की मात्र पोहणं तिथेच संपलं, असा नियम.

हरमलपर्यंत तो छान गेला. उन्हं वर आली, वारा सुटला. मांद्र्याच्या समोर कुसुमला दिसलं की त्याचा उजवा हात नीट वर येत नाहीये. इतकी वर्षं दोन्ही हातांचं काम त्या एका खांद्याने केलं होतं. ती ओरडत राहिली, "उजवीला घ्या." त्याला वळता येईना. लाटा तोंडावरून जायला लागल्या. एकदा तो खाली गेला आणि वर यायला फार वेळ लागला.

समोर मोरजीचा किनारा दिसत होता. माडसुद्धा वेगळे दिसत होते.

परेशने होडी जवळ घेतली. "वयनी, आता पुरो," तो हळूच म्हणाला. "ह्येका वर घेवया."

भैरूला ते ऐकू गेलं. त्याचे ओठ निळे पडले होते. "कुसुम, हात लावू नको," तो म्हणाला. "लावलास तर सगळं गेलं."

गौरवी कॅमेऱ्याआडून म्हणाली, "ताई, ते नको म्हणतायत. त्यांना ठरवू दे ना."

"त्यांना आता ठरवता येत नाही," कुसुम म्हणाली. ती होडीच्या काठावर पोटावर पडली, पाण्यात वाकली आणि त्याचा डावा, बोटं नसलेला हात मनगटाशी धरला. त्याने सोडवून घ्यायला बघितलं. तिने सोडला नाही. मग कॅमेरा खाली ठेवून गौरवीनेही धरलं, आणि तिघांनी मिळून त्याला वर ओढलं. होडीच्या तळाशी पडल्या पडल्या तो लहान पोरासारखा रडला. कुसुमला रडू आलं नाही. तिला फक्त पाठ टेकावी असं वाटत होतं.

खांद्याचा स्नायू फाटला होता. भैरू काही दिवस तिच्याशी बोलला नाही. मग एका संध्याकाळी म्हणाला, "थोडंच राहिलं होतं."

"होय," ती म्हणाली. "थोडंच राहिलं होतं." तिने समजूत घातली नाही, माफीही मागितली नाही. दोघं पेज जेवली.

गौरवीने माहितीपट तिथेच संपवला, कुसुम वाकून हात धरते तिथे. पुढचं काढायला कॅमेरा कुणाच्या हातात नव्हताच. पेडण्याला सभागृहात तो दाखवला तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. दोघांना व्यासपीठावर बोलावलं. मागून कुणीतरी विचारलं, "भैरू, परत कधी उतरणार?"

सगळे हसऱ्या तोंडाने थांबले. भैरूने माईक कुसुमकडे सरकवला. "तिला विचारा. माझ्याबरोबर ती पण पोहते."

कुसुमने माईक असा कधी धरला नव्हता. "खांदा बरा झाला तर उतरतील," ती म्हणाली. "मी अडवणार नाही. पण हे वर्ष नाही. हे वर्ष मी झोपणार आहे."

लोक हसले. ती हसली नाही, आणि शेजारी उभा असलेला भैरूही. घरी परतताना बसमध्ये तिचं डोकं त्याच्या दुखऱ्या खांद्यावर कलंडलं. कोरगावचा थांबा आला तरी त्याने तिला हलवलं नाही. दोघं पुढच्या थांब्यावर उतरून चालत मागे आली.