तेल वाढलंय

नोव्हेंबर उजाडला की माझ्या टेबलासमोर प्लास्टिकच्या पिशव्या घेतलेल्या माणसांची रांग लागते. पिशवीत हीटिंगची बिलं, बँकेचे कागद आणि गेल्या वर्षी मीच भरून दिलेल्या अर्जाची झेरॉक्स. पिस्कॅटवेजवळच्या एका सीनियर सेंटरमध्ये मी आठवड्यातून तीन दिवस काम करते. ज्या म्हाताऱ्या माणसांना थंडीत घर गरम ठेवणं परवडत नाही, त्यांचे सरकारी मदतीचे अर्ज भरायचे, ते काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, ऑफिसात पाठवायचे, आणि मग मार्चपर्यंत ‘आमच्या अर्जाचं काय झालं’ या एकाच प्रश्नाला तीच ती उत्तरं देत बसायचं. लोक म्हणतात, किती पुण्याचं काम करतेस. असेल. सहा वर्षांनंतर मला त्याचा नुसता शीण येतो. घरी फोन वाजला तरी अंगावर काटा येतो.

आपल्या मराठी लोकांना हे काम सांगायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: म्हणजे कोण येतात गं तुमच्याकडे? आपल्यातलं कोण असणार म्हणा, आपण सगळे डॉक्टर नाहीतर इंजिनिअर. मी पूर्वी वाद घालायची. आता हसते आणि भाजी वाढून घेते.

काकू पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थबकल्या, कारण त्यांनी मला ओळखलं आणि मी त्यांना. इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर त्यांनी कितीतरी वर्षं माझ्या कोथिंबिरीच्या जुड्या पिशवीत भरल्या होत्या. तो पगार रोख हातात मिळायचा, त्यामुळे कागदोपत्री काकूंनी या देशात जवळजवळ काही कामच केलेलं नव्हतं, आणि म्हातारपणची पेन्शनही तेवढीच बेताची. काका एका छोट्या कंपनीत ड्राफ्ट्समन. कंपनी बुडाली, मग काकांचं दुखणं लांबलं, मग काका गेले. मूलबाळ नाही. घर तेवढं स्वतःचं राहिलं, पण भिंती खाऊन कुणाचं पोट भरत नाही. एक्याऐंशी वर्षांच्या काकू माझ्यासमोर खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि म्हणाल्या, मराठी मंडळात कुणाला कळता कामा नये. मी म्हटलं, काकू, मीच चार वर्षांत मंडळाकडे फिरकले नाही.

त्यांचं घर जुनं, तेलावर गरम होणारं. तळघरात मोठी टाकी, ट्रक येऊन ती भरून जातो, आणि ते तेल जाळून फर्नेस चालते. अर्जात त्यासाठी एक चौकट असते: टाकीत पाव भागापेक्षा कमी तेल आहे का? ‘हो’ असेल तर अर्ज लाल फोल्डरमध्ये जातो आणि दोन दिवसांत ट्रक दारात. ‘नाही’ असेल तर बाकीच्या गठ्ठ्यात, आणि तिथे तो किती आठवडे पडून राहील हे देवालाही सांगता येणार नाही. नोव्हेंबरात काकूंची टाकी अर्धी भरलेली होती. मी ‘नाही’वर खूण केली आणि बजावलं, की तेलाचं काही झालं तर लगेच फोन करा, त्याच क्षणी तुमचा अर्ज वर काढते. काकूंनी मान हलवली.

जानेवारीत त्यांचा फोन आला. त्या दिवशी सकाळपासून मी फोनच घेत होते. तेलाचे भाव चढले होते आणि जो तो तेच ऐकवत होता, जणू भाव मी ठरवते. समोर डबा उघडा, पोळी गार, मान दुखत होती.

“अगं, तेल वाढलंय,” काकू म्हणाल्या.

“हो काकू, सगळ्यांचंच वाढलंय,” मी म्हटलं. “काय करणार. थोडी कळ काढा.”

मग त्या ‘बरं’ म्हणाल्या, जेवलीस का विचारलं, आणि फोन ठेवला. मी तो फोन वहीतसुद्धा टिपला नाही.

नऊ दिवसांनी काउंटीच्या ऑफिसातून काकूंचा अर्ज परत आला. तेलासाठी नव्हे, तर एका पानावर सही राहिली होती म्हणून. काकू गाडी चालवत नाहीत. बाहेर इतकी थंडी की बर्फ वितळावा म्हणून पार्किंगमध्ये टाकलेलं मीठ पायाखाली करकरत होतं. मी मनातल्या मनात काकूंना, ऑफिसला आणि स्वतःलाही चार शब्द सुनावले आणि दुपारी त्यांच्याकडे निघाले.

दार उघडलं तेव्हा काकूंच्या अंगावर दोन स्वेटर, वर शाल, डोक्याला लोकरीची टोपी. मी सवयीने कोट काढायला लागले तर म्हणाल्या, राहू दे गं, घालूनच बस. मग माझ्या लक्षात आलं की बोलताना आमच्या दोघींच्याही तोंडातून वाफ येतेय. स्वयंपाकघरातला नळ बारीक धारेने सोडून ठेवला होता, पाइप गोठून फुटू नयेत म्हणून. सगळा संसार बेडरूममध्ये हलवलेला: एक छोटा विजेचा हीटर, राइस कुकर, पाण्याच्या बाटल्या. देवसुद्धा तिथेच आणून ठेवले होते. बाहेर फार गारठतात, काकू म्हणाल्या.

मी तडक तळघरात उतरले. टाकीवरच्या नळीतला लाल काटा पार तळाला टेकला होता.

“काकू,” मी जिन्यातूनच ओरडले, “तेल संपलंय की तुमचं!”

“संपलंय म्हणू नये गं,” त्या वरून म्हणाल्या. “वाढलंय म्हणावं. मी तुला फोनवर सांगितलं होतं की.”

मी तिथेच पायरीवर बसले. माझी आई असंच बोलायची. डब्यातलं मीठ संपलं, हळद संपली, तरी घरात ‘संपलं’ हा शब्द काढायची सोय नव्हती. लक्ष्मीच्या कानावर जातो म्हणे. ‘मीठ वाढलंय’ म्हणत ती मला दुकानात पिटाळायची आणि मी मुकाट्याने पुडी घेऊन यायची. तेव्हा मला कुणी समजावून सांगायची गरज पडली नव्हती. चौतीस वर्षं या देशात राहिले आणि ‘वाढलंय’ म्हटलं की मला फक्त भाव आठवायला लागला.

आधी मला काकूंचाच राग आला. सरकारी कामात कशाला हव्यात असल्या रीती? सरळ सांगायला काय होत होतं? पण त्यांनी सरळच सांगितलं होतं. त्यांच्या माझ्या भाषेत त्याहून सरळ सांगता येत नाही. मग जी लाज वाटली ती आजही गेलेली नाही. सेंटरमधल्या दुसऱ्या कुठल्याही बाईने तो फोन घेतला असता तर तिला काही कळलं नसतं, आणि म्हणूनच तिने चार प्रश्न जास्त विचारले असते. मला मराठी येत होतं, म्हणून मी एकही विचारला नाही.

तिथूनच काउंटीच्या इमर्जन्सी लाइनला फोन लावला. पलीकडची बाई म्हणाली, टाकी रिकामी असल्याचं अर्जदाराने स्वतः सांगायला हवं. आता काकू फोनवर लक्ष्मीला सांभाळत बसल्या तर झालंच. काकूंनी फोन घेतला, प्रश्न नीट ऐकला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, “एम्प्टी. टोटली एम्प्टी.” फोन माझ्या हातात देताना म्हणाल्या, इंग्रजीत चालतं. मला हसू आलं आणि त्याच वेळी रडूही आलं.

माझ्या घरी चला म्हणून मी विनवण्या केल्या. त्या येईनात. नळाकडे कोण बघणार, देवांना कोण बघणार. शेवटी सेंटरमधला आणखी एक हीटर आणून दिला आणि हात हलवत परतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक आला. मी अर्धा दिवस रजा टाकून गेले होते. टाकी अशी कोरडी पडली की नुसतं तेल भरून भागत नाही, नळीतली हवा काढून फर्नेस पुन्हा पेटवावी लागते, म्हणून एक माणूस खाली तळघरात खटपट करत होता. आम्ही दोघी खिडकीशी उभ्या राहून ड्रायव्हर जाडजूड पाइप ओढत नेताना बघत होतो. नऊ दिवस. मला ते विचारल्याशिवाय राहवेना. खरं तर काकूंनी मला चांगलं झापावं अशी माझी इच्छा होती, म्हणजे निदान सुटले असते.

“काकू, तुम्ही परत फोन का नाही केलात?”

“तू म्हणालीस ना, सगळ्यांचंच वाढलंय,” काकू म्हणाल्या. “मला वाटलं, बाई गं, इतकी माणसं बिनतेलाची थंडीत बसलीयत. तू एकटी कुठं कुठं पुरी पडणार? म्हटलं, त्यांचं होऊ दे आधी.”

तेवढ्यात ड्रायव्हर पावती घेऊन दाराशी आला. सही कुठे करायची ते मी काकूंना नुसतं बोटाने दाखवलं.