हिस्केने बनवलेली संध्याकाळ

हिस्के बोन्स्ट्राला कुणी 'दिवे लावणारी बाई' म्हटलं की ती तिथल्या तिथे दुरुस्त करायची, "लावायला काय, कुणीही लावतं. मी मालवते." ती फुशारकी होती आणि खरीही होती. बेटावर जाणाऱ्या फेरीबोटीवर उभी हयात वीजकामात घालवून ती निवृत्त झाली, आणि होल्वर्ड गावच्या समुद्रबांधाआडच्या आपल्या घरात बसून तिने एकच विद्या पक्की केली. एलईडीचा दिवा असा उतरवायचा की तो नेमका कधी विझला हे कुणाला कळूच नये.

या पद्धतीत एलईडी खरं तर मंद होतच नाही. तो एक तर पेटलेला असतो, नाही तर बंद. मायक्रोकंट्रोलर नावाची बोटभर चिप हुकूम सोडते, ड्रायव्हर मॉड्यूल तो पाळतं आणि दिव्याची भराभर उघडझाप करतं. पेटलेला वेळ जास्त तर उजेड जास्त. आपले डोळे भोळे, त्यांना सगळा सलग उजेडच दिसतो. मात्र अंधार जवळ आला की हेच डोळे खवचट होतात. भर उजेडातली मोठी घट त्यांना जाणवत नाही, पण शेवटची इवलीशी पायरी चांगलाच धक्का देते. म्हणून हिस्के सुरुवातीला लांब ढांगा टाकत उतरायची आणि शेवटी मुंगीच्या पावलांनी.

हा सगळा खटाटोप कोंबड्यांसाठी होता. दिवा खटकन गेला तर कोंबडी असेल तिथेच बसते, दांडीवर चढत नाही, आणि कोपऱ्यात गर्दी होऊन खालच्या गुदमरतात. संध्याकाळ हळूहळू झाली की त्या शहाण्यासारख्या रांगेने दांडीवर जातात. हिस्केच्या स्वतःच्या डझनभर कोंबड्यांची संध्याकाळ अशी झकास व्हायची की पंचक्रोशीतले लोक कॉफीच्या निमित्ताने बघायला यायचे. तिच्याकडे एक कॉफी आणि एकच बिस्कीट मिळायचं, मग डब्याचं झाकण बंद.

गोसे हा शाळेपासूनचा शेजारी. बायको आउक्ये गेली तेव्हा त्याने गाई विकल्या, पण तिच्या सहाशे कोंबड्या काही विकल्या नाहीत. रोज सकाळी तो त्यांच्याशी बोलायचा. माणसांशी त्याचं फारसं जमत नसे.

त्या हिवाळ्यात पक्ष्यांचा ताप, म्हणजे बर्ड फ्लू, पसरला आणि सरकारने कोंबड्या आत ठेवायचा हुकूम काढला. दिवसभर गाईंच्या रिकाम्या गोठ्यात, दिव्याखाली. गोसे हिस्केकडे आला.

"ती तुझी संध्याकाळ मला बसवून दे. पण एका अटीवर. काम करताना बोलायचं नाही."

"मग कुणा दुसऱ्याला बोलाव."

"तुझ्या तोंडाचा उजेड कमी करायचं यंत्र नाही का गं निघालं अजून?"

हिस्केने दोन दिवसांत काम उरकलं, तेही नवीन मॉड्यूल न आणता. गोसेच्या गोठ्यातून कोंबड्यांना अंगणात सोडायच्या झडपा उघडणारी छोटी मोटर त्याच जातीच्या मॉड्यूलवर चालायची, आणि झडपा आता बंदच होत्या. चांगली वस्तू रिकामी बसलेली तिला बघवेना. तिने तेच मॉड्यूल काढून दिव्यांना जोडलं, आपला प्रोग्राम त्यात भरला, दिवे वरखाली करून पाहिले. लोण्यासारखे उतरले.

पंधरवड्यात कोंबड्या एकमेकींना टोचू लागल्या. आधी पिसं गेली, मग रक्त दिसू लागलं. चोची छाटायची मुभा कायद्याने कधीच गेलेली. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी सगळं तपासलं. किडे नव्हते, खाणं ठीक होतं, दाटी नव्हती. उजेड कमी करा, म्हणाल्या. सल्ला रास्त होता. कोंबड्या पाळणारा प्रत्येक जण हेच करतो. गोसेने उजेड निम्मा केला. टोचणं वाढलं. त्याने आणखी कमी केला. मग तर रोज मेलेल्या उचलायची वेळ आली.

"दिवे तर नसतील ना?" त्याने एकदा विचारलं.

"माझे दिवे?" हिस्के उसळली. "माझ्या कोंबड्या त्याच उजेडात सुखाने लोळतायत. तुझ्या तुझ्यावर गेल्यात, दुसरं काय!"

बुधवारी दुपारी गोसेने निरोप दिला की उद्या सकाळी कत्तलखान्याची गाडी येतेय, पिंजरे भरायला हात लाव. शेजारधर्म म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती. ती त्याच संध्याकाळी गेली तेव्हा तो गोठ्याच्या दारात झाडू धरून उभा होता. त्याचे डोळे लाल झालेले होते.

"आज शेवटचा झाडून घेतला," तो म्हणाला. "झाडायला दिवे पूर्ण मोठे केले होते. तर बघ, तासभर कशा चर्चमध्ये बसल्यासारख्या गप्प. आणि आता कमी केले तर पुन्हा सुरू."

हिस्के जागच्या जागी थबकली. दिवा पूर्ण असला की तो सतत पेटलेला असतो. उघडझाप नसतेच. ती सुरू होते कमी केल्यावर.

तिने त्याच्या हातातला झाडू हिसकावला आणि मंद उजेडात दांडा हवेत जोराने फिरवला. एका दांड्याचे दहा तुटके दांडे दिसले.

"आता नाच करायचाय का?" गोसे वैतागला.

तिने घरून लॅपटॉप आणला आणि दिव्यांच्या मॉड्यूलच्या खोक्याला जोडला. झडपेच्या मोटरला संथ ठेका लागतो, सेकंदाला साठ ठोके. मॉड्यूल अजून त्याच ठेक्यावर होतं. तिने प्रोग्राम बदलला होता, ठेका बदललाच नव्हता. माणसाला साठ ठोके सलग दिसतात. कोंबडीचा डोळा आपल्याहून चपळ. महिनाभर त्या सहाशे जिवांच्या डोळ्यांपुढे दिवा फडफडत होता, आणि उजेड कमी करू तसा मधला अंधाराचा वेळ लांबत असल्याने गोसेने नकळत तो छळ वाढवतच नेला होता.

एक आकडा बदलायचा होता. गोसे पाठमोरा पिंजरे लावत होता. बदलून गप्प बसली असती तरी त्याला आयुष्यात कळलं नसतं. हिस्केला ते सुचलं, आणि सुचल्याचीच तिला लाज वाटली.

"गोसे, इकडे ये. माझी चूक आहे." तिने सगळं सांगितलं, झाडू पुन्हा फिरवून दाखवला. "तू विचारलं होतंस, आणि मी तुझ्यावरच घसरले."

गोसेने झाडू घेऊन स्वतः एकदा फिरवून पाहिला. "मेलेल्या परत येणार नाहीत," तो म्हणाला.

"नाही येणार."

तिने आकडा बदलला. सेकंदाला हजारावर ठोके. झाडू फिरवला तर आता नुसता धूसर पट्टा दिसला. मग तिने संध्याकाळ सोडली. उजेड ओसरू लागला. एक कोंबडी दांडीवर चढली. तिच्याशेजारी दुसरी आली. उघड्या पाठीची एक मधोमध जाऊन बसली, तिला कुणी टोचलं नाही. अंधार झाला तेव्हा गोठ्यात फक्त पिसं सावरल्याचा आवाज होता.

हिस्के रडत होती. फेरीबोटीवर हाताचं बोट चिरडलं तेव्हाही ती रडली नव्हती.

गोसेने बाहेर येऊन फोन लावला. "उद्याची गाडी नको," तो म्हणाला. पलीकडून गाडीवाल्याने कारण विचारलं असावं. गोसेने हिस्केकडे पाहिलं.

"सांग ना," ती म्हणाली, "हिस्केने घोळ घातला म्हणून सांग. कळू दे सगळ्यांना."

"कोंबड्यांना काही झालेलं नव्हतं हो," गोसे फोनमध्ये म्हणाला. "शेजारीण जरा आजारी होती. आता बरी आहे."