प्रधानसाहेबांचे मासे

अंबरनाथच्या केमिकल फॅक्टरीत आयुष्य काढलेल्या माणसाला दोन गोष्टी कायमच्या चिकटतात. एक वास आणि दुसरे किस्से. वास निवृत्तीनंतर जातो म्हणतात. आमच्या घरात यावर अजून एकमत नाही. किस्से मात्र साठतच जातात. संध्याकाळी हेंद्रेपाड्यात फिरायला निघालो की जुन्या नोकरीतलं कोणीतरी भेटतं, एक किस्सा सांगतं, आणि घरी येईपर्यंत मला आणखी चार आठवतात. ते अगदी तसेच घडले का, हे मी छातीठोकपणे सांगणार नाही. पीएच.डी. झाल्यापासून मला कशाचीच खात्री वाटत नाही.

आजचे किस्से आमच्या पहिल्या कॉम्प्युटरचे. नव्वदीच्या दशकाची शेवटची वर्षं. आमचा प्लॅनिंग सेक्शन म्हणजे दोन माणसं. एक मी, ज्याला सगळे ‘डॉक्टर’ म्हणायचे. दुसऱ्या कांबळे मॅडम. त्या बुवापाड्यातून चालत कामावर यायच्या आणि सगळ्या फॅक्टरीत फक्त त्यांनाच कोणाची भीती वाटायची नाही. माझ्या वाट्याची भीती मी नियमितपणे बाळगून होतो.

* * *

कॉम्प्युटर आला उल्हासनगरहून. गोपीशेठ म्हणून एक सिंधी व्यापारी होते, त्यांनी तो सुटे भाग जमवून जोडला होता. आमचे वर्क्स मॅनेजर प्रधानसाहेब यांनी नारळ फोडला, पण नारळाचं पाणी कीबोर्डवर उडालं आणि पहिला अर्धा दिवस कीबोर्ड उन्हात वाळत होता.

वाळल्यावर मशीन सुरू केलं. एक अक्षर दाबलं की ते स्क्रीनवर यायला इतका वेळ लागायचा की मधे मला शंका यायची, आपण नक्की दाबलं होतं ना? म्हणून मी परत दाबायचो. मग दोन्ही यायची!

मी गोपीशेठना फोन केला. म्हटलं, “मशीन फार स्लो आहे हो.”

गोपीशेठ शांतपणे म्हणाले, “डॉक्टरसाब, मशीन नवीन आहे. उसको भी घर की आदत होने दो.”

मला ते पटलं. मलाही नव्या जागी झोप लागत नाही.

* * *

आमच्याकडे हवेत सगळीकडे रंगाची पूड. सकाळचा पांढरा शर्ट दुपारपर्यंत गुलाबी व्हायचा. म्हणून कांबळे मॅडमनी कॉम्प्युटरसाठी जाड कापडाचं कव्हर शिवलं, खाली झालर लावून. मशीनचं आकडेमोडीचं काम चालू झालं की त्या वरून ते कव्हर घालायच्या.

“अहो मॅडम, तो चालू आहे.”

“मग? काम करताना धूळ लागत नाही का?”

एक दिवस कव्हरमधून जळका वास आला. केमिकल फॅक्टरीत वास येणं नवीन नाही, पण हा वास आमच्या ओळखीचा नव्हता. मी वाळूची बादली घेऊन धावलो. गोपीशेठ त्या दिवशी योगायोगाने बिलाच्या निमित्ताने आलेलेच होते. त्यांनी माझा हात धरला, कव्हर उचललं, आतल्या गरम डब्यावर हात ठेवला आणि म्हणाले,

“मॅडम, स्वेटर तो बहोत अच्छा है. पर इसको बुखार है!”

* * *

त्या दिवसापासून कव्हर निघालं, पण वेग आला नाही. पुढच्या महिन्याचा उत्पादनाचा आराखडा काढायला मशीन अख्खी दुपार घ्यायचं. त्या वेळात कोणी बोलायचं नाही, अशी आमच्यात प्रथाच पडली. प्रधानसाहेबसुद्धा चपला हातात घेऊन दारावरून जायचे.

मला तो ताण सोसायचा नाही. मन रमवायला म्हणून मी शेजारी बसून तीच आकडेमोड माझ्या जुन्या स्लाइड रूलवर, म्हणजे आकड्यांच्या सरकत्या पट्टीवर, करायला लागलो. एकदा माझं उत्तर आधी आलं. आता काय करायचं? मी कागद घडी करून खिशात घातला आणि मशीनकडे बघत बसलो.

बऱ्याच वेळाने मशीनचं उत्तर आलं. प्रधानसाहेब आनंदाने म्हणाले, “बघा डॉक्टर, हातानं केलं असतं तर कधी झालं असतं हे?”

“खरंय,” मी म्हटलं.

कांबळे मॅडम माझ्या खिशाकडे बघत होत्या. साहेब गेल्यावर म्हणाल्या, “डॉक्टर, त्याचं आणि तुमचं जुळलं का?”

“जुळलं.”

“मग तोंड का असं?”

“दोघांचंही चुकलं असेल तर?”

* * *

आराखडा दोनदा उशिरा पोचला आणि मुंबईच्या हेड ऑफिसमधून पत्र आलं. पुन्हा उशीर झाला तर प्लॅनिंग सेक्शन मुंबईला हलवू.

मला निवृत्तीला थोडाच काळ उरला होता. प्रश्न कांबळे मॅडमचा होता. त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. मॅडम दुपारच्या सुट्टीत घरी जाऊन त्यांना भरवून यायच्या. मुंबईची नोकरी त्यांना शक्यच नव्हती.

“सेक्शन गेला की मी घरी,” त्या एवढंच म्हणाल्या आणि टायपिंगला लागल्या.

मी पुन्हा गोपीशेठना बोलावलं. त्यांनी मशीनवर एक छोटा आलेख उघडून दाखवला. त्यावर लिहिलं होतं, प्रोसेसरचा वापर शंभर टक्के. रेघ वर टेकून सरळ चाललेली.

नेमके तेव्हाच प्रधानसाहेब आत आले. आलेख बघून त्यांचे डोळे भरून आले.

“शंभर टक्के! अहो, या फॅक्टरीत असा एक तरी माणूस आहे का? सगळ्या सुपरवायझरना आणून दाखवा!”

आणि खरंच, दोन दिवस सुपरवायझर येऊन दर्शन घेऊन जात होते.

* * *

दर्शनाची गर्दी ओसरल्यावर गोपीशेठ परत आले आणि हळूच म्हणाले, “डॉक्टरसाब, ये सब मछली खा रही है.”

स्क्रीनच्या कोपऱ्यात एक मत्स्यालय होतं. लाल-पिवळे मासे, बुडबुडे, शेपट्या हलताहेत. प्रधानसाहेबांना वास्तुवाल्याने ऑफिसात मासे ठेवायला सांगितले होते, म्हणून गोपीशेठनीच ते भेट म्हणून घालून दिले होते. सोबत काट्यांचं घड्याळ, पंचांग आणि मिणमिणती समई. हे सगळं सतत हलत राहायचं आणि ते हलवण्यातच बिचाऱ्या प्रोसेसरची शक्ती संपायची. आराखड्याला उरलंसुरलं.

“बंद करून टाका,” मी म्हटलं.

“मैं? साब की मछली? माझं बिल बाकी आहे!”

मी माउसवर हात ठेवला. लगेच उचलला. मासे बंद केले आणि साहेबांवर काही संकट आलं तर? माझा वास्तूवर विश्वास नाही, पण माझा माझ्या अविश्वासावरही विश्वास नाही.

“सरका,” कांबळे मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडे दर रविवारी साफ करते मी मासे.”

आणि एका दमात मासे, घड्याळ, पंचांग, समई सगळं बंद! आलेखाची रेघ धपकन खाली आली. आराखडा चहा यायच्या आत तयार झाला.

* * *

पुढच्याच आठवड्यात हेड ऑफिसचे मेहतासाहेब तपासणीला आले. आम्ही नवे कपडे घालून उभे. मॅडमनी त्यांच्यासमोर आराखडा काढला. झर्रकन आला!

मेहतासाहेबांनी आलेख बघितला. रेघ तळाशी झोपलेली.

“डॉक्टर, ये तो खाली बैठा है. एवढंसं काम? त्याला वेगळा सेक्शन कशाला? आमचा नवा मशीन हे हसत-खेळत करेल. पुढच्या महिन्यापासून मुंबईला पाठवून द्या.”

उशीर केला तर सेक्शन जाणार, लवकर केलं तरी जाणार! कांबळे मॅडमनी साडीचा पदर खोचला आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या.

इतक्यात प्रधानसाहेब आत आले, स्क्रीन बघून ओरडले, “माझे मासे कुठे आहेत?”

मॅडमनी निमूटपणे मासे पुन्हा सुरू केले. मेहतासाहेब खुर्ची ओढून पुढे सरकले. स्क्रीनवर बोट टेकवून एका माशामागून फिरवलं. मग हळूच म्हणाले,

“मलापण ज्योतिषीने मासे पाळायला सांगितलेत. पण आम्ही जैन. जिवंत जनावर काचेत कोंडायचं, बायको घरात घेणार नाही. आणि हे बघा! पाणी नाही, खाणं नाही, मरणार पण नाही. एकदम अहिंसा! मला मिळेल?”

“का नाही मिळणार?” मॅडम वळून म्हणाल्या. त्यांनी कपाटातून गोपीशेठची माशांची फ्लॉपी काढली. “तुमच्या नव्या मशीनवर घाला सर. याच्यात घड्याळ पण आहे. पंचांग आहे. समई पण आहे.”

“समई पण!”

खरं सांगणं माझं कर्तव्य होतं. मी घसा साफ केला. “सर, एक सांगायला हवं, हे मासे जे आहेत ना, ते प्रोसेसरला...”

“डॉक्टर,” मॅडम म्हणाल्या, “चहा गार होतोय तुमचा.”

मी चहा प्यायलो.

* * *

पुढच्या महिन्यात सेक्शन हलवायचं पत्र आलं नाही. त्याच्या पुढच्याही आलं नाही. आमचा आराखडा निघताना मॅडम मासे गुपचूप बंद करायच्या आणि प्रधानसाहेब यायच्या आत परत सुरू. मग एके दुपारी फोन वाजला. मी उचलला. मेहतासाहेब होते.

“अरे डॉक्टर, आमचा मशीन फार स्लो झालाय! आमचाच आराखडा निघत नाही, तुमचा कुठून घेऊ? तुमचा सेक्शन राहू दे तिकडेच. पण मला एक सांगा, तुम्ही लोकांनी तुमचा मशीन फास्ट कसा केला?”

मी म्हटलं, “सर, त्याचं कारण म्हणजे...”

कांबळे मॅडमनी माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला. पदर सारखा केला आणि अत्यंत अदबीने म्हणाल्या,

“सर, मशीन नवीन आहे. त्याला जरा घरची सवय होऊ द्या.”